आजार : ऐब की अमानत?

उर्दूत क्षयरोगाला 'तपे-दिक' म्हणतात. 'तप' म्हणजे ताप आणि 'दिक' हा शब्द बारीक होणे, झिजणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. माणसाला आतून बारीक करीत नेणारा ताप, असा त्याचा सरळ अर्थ. बोलीभाषेत मात्र 'दिक करना' म्हणजे सतावणे, जीव नकोसा करणे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हा शब्द आला की मुलांना त्याचा दुसरा अर्थ चटकन सांगता येतो, पहिला येत नाही. याचे कारण उघड आहे. ज्या घरात दिकचा रुग्ण असतो, त्या घरातही तो शब्द उच्चारला जात नाही. 'छातीत थोडे पाणी झाले आहे', 'जुना खोकला आहे', 'अशक्तपणा आहे' अशी त्याची अनेक नावे आहेत. मराठीतील 'क्षय' या शब्दाचाही अर्थ झिजणे हाच, आणि त्याचीही दशा हीच.

याउलट मधुमेह पाहा. त्याला आपण लाडाने 'शुगर' म्हणतो. लग्नाच्या जेवणात बिर्याणीनंतर जर्दा आला की चार माणसे अभिमानाने हात आडवा करतात, 'नको, मला शुगर आहे.' कोणाची किती निघाली याच्या चौकशा होतात, मेथीचे दाणे आणि कारल्याच्या रसाचे नुस्खे सांगितले जातात. शुगर हा बैठकीत मिरवता येणारा आजार आहे आणि दिक हा परसदारी लपवायचा. पण शरीराला ही प्रतिष्ठेची वर्गवारी ठाऊक नसते. हे दोन आजार एकाच माणसाच्या देहात शेजारी शेजारी राहू लागले की एक उजेडात आणि एक अंधारात ठेवण्याचा हा रिवाज जिवावर बेततो. म्हणूनच एक प्रश्न आम्ही येथे मांडू इच्छितो. आपला आजार लपवणारा माणूस दोषी आहे काय? आणि तो दोषी असेल तर एकटाच दोषी आहे काय?

हा प्रश्न आम्ही ज्या गावी बसून विचारतो आहोत, ते चौल बाहेरच्या जगाशी सर्वांत जुना संबंध असलेल्या कोकणी गावांपैकी एक आहे. एका बाजूला कुंडलिकेची खाडी, समोर कोर्लईचा डोंगर, शेजारी रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. अरब प्रवाशांनी या बंदराला 'सैमूर' म्हटले. अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास येथे आला, तेव्हा त्याला सुमारे 10 हजार मुसलमान वस्ती करून असलेले आढळले. त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे, असेही त्याने नोंदवले आहे. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. बंदर गाळाने भरले, हमामखान्याच्या भिंतींवर झाडे उगवली, पण समुद्रापलीकडे जाऊन भाकरी मिळवण्याची सवय काही गेली नाही. पूर्वी गलबतांवरून जात, आता विमानाने आखातात जातात.

आणि आखाताचा दरवाजा छातीच्या एक्स-रेमधून उघडतो. व्हिसासाठी मेडिकल होते, त्यात छातीचा फोटो काढतात. पूर्ण बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा डाग जरी फुप्फुसावर दिसला, तरी कागदावर 'अनफिट' असा शेरा पडू शकतो. कर्ज काढून एजंटाला पैसे दिलेल्या तरुणाच्या दृष्टीने तो शेरा म्हणजे घराचा पाया खचणे होय. दुसरा दरवाजा रिश्त्यांचा. मुलीच्या घरात कोणाला दिक होता असे कळले की बोलणी थांबतात, आणि थांबण्याचे कारणही कोणी तोंडावर सांगत नाही. नोकरी आणि रिश्ता हे दोन्ही दरवाजे ज्या शब्दाने बंद होतात, तो शब्द माणसाने तोंडातून काढू नये, यात नवल ते काय?

आता या दोन आजारांचे नाते थोडे समजून घेऊ. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधल्याचे 24 मार्च 1882 रोजी जाहीर केले. पण हा रोग एकाकडून दुसऱ्याला होतो, हे इब्न सीना यांनी अकराव्या शतकात आपल्या 'अल्-कानून'मध्ये लिहून ठेवले होते. मधुमेही माणसाला क्षय जडतो, हेही त्यांनी पाहिले होते, असे वैद्यकाच्या इतिहासात नमूद केले जाते. 1922 मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी अनेक मधुमेही शेवटी क्षयानेच दगावत. जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार होतोच असे नाही. तो वर्षानुवर्षे निजून राहू शकतो, कारण शरीराचे पहारेकरी त्याला दाबून ठेवतात. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की हे पहारेकरी सुस्तावतात. म्हणून मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. एचआयव्हीने तो याहून कितीतरी पटींनी वाढतो. कुपोषण, तंबाखू, दारू, मूत्रपिंडाचे जुने दुखणे ही याच टोळीतील मंडळी.

नाते उलट्या दिशेनेही आहे. क्षयाच्या तापाने साखर वाढते. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे मुख्य औषध यकृताला असे कामाला लावते की शुगरच्या काही गोळ्यांचा अंमल लवकर उतरतो; मग डोस बदलावा लागतो किंवा काही काळ इन्सुलिन घ्यावे लागते. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, आणि मधुमेहानेही येतात. म्हणून सोबत ब-6 जीवनसत्त्व देतात. शिवाय दोन्ही आजारांची लक्षणे एकमेकांची चादर पांघरून बसतात. वजन उतरते, थकवा येतो आणि घरचे म्हणतात, शुगर वाढली असेल. खोकल्याकडे मग कोणी पाहत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न किती घरांचा आहे ते ध्यानात येईल. सरकारनेही हे ओळखले आणि 2017 मध्ये दोन्ही आजारांची एकत्र तपासणी करण्याचे धोरण आखले : क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची शुगर पाहावी आणि शुगरच्या रुग्णाला खोकला, ताप, वजनघट आहे का ते विचारावे. धोरण उत्तम आहे. पण रुग्ण अर्धेच बोलत असेल तर विचारणारा तरी काय करणार?

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरची हकिकत आहे. नाव, मोहल्ला आम्ही सांगणार नाही. तसे सांगणे म्हणजे या लेखाच्या मूळ मुद्द्यालाच हरताळ फासणे होईल. वडील आखातात ड्रायव्हर होते. परत आले ते शुगर घेऊन, आणि ते सर्वांना माहीत होते. पुढे खोकला सुरू झाला. तीन महिने 'हवा बदलली' या सबबीवर गेले. मग निदान झाले, पण गावाजवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी पाहील म्हणून ते मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन औषध आणू लागले. शुगरचे डॉक्टर वेगळे, छातीचे वेगळे. एकाला दुसऱ्याचा कागद दाखवला नाही. दोन महिन्यांनी ताप गेला, भूक लागू लागली. तेवढ्यात थोरल्या मुलीची मंगनी ठरली. घरात पाहुण्यांचा राबता. कपाटात गोळ्यांची पाकिटे कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती हलवली आणि हळूहळू औषधच सुटले. मंगनी नीट पार पडली. सहा-सात महिन्यांनी ते गेले. पुरसिशीला आलेल्या बायकांना सांगितले गेले, 'शुगर एकदम वाढली.' ते असत्य नव्हते, सत्याचा सोयीचा अर्धा भाग होता. त्यानंतर धाकट्या मुलाच्या मानेवर गाठ आली, तेव्हा आईने आम्हांला एवढेच विनवले, 'शाळेत कळू देऊ नका.' मुलगा औषधाने पूर्ण बरा झाला.

या घरात कोणी दुष्ट नव्हते. बापाने लपवले ते मुलीच्या मायेपोटी, आईने लपवले ते इज्जतीपोटी. तरी परिणाम असा की एक माणूस गेला आणि एक मूल आजारी पडले. नियत नेक असूनही नुकसान होत असेल तर दोष कोठे शोधायचा?

पहिले उत्तर सरळ आहे आणि आपल्या दीनमध्ये ते पक्के आहे. स्वतःचे नुकसान करून घेऊ नये आणि दुसऱ्याचेही करू नये, ही पैगंबरांची शिकवण आहे. साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण तेथे असू तर तेथून पळू नये, असा आदेश हदीसमध्ये आहे. हिजरी 18 मध्ये, म्हणजे इ.स. 639 मध्ये, शाम देशात अम्वासची साथ पसरली असताना हजरत उमर वाटेतूनच परत फिरले. हजरत अबू उबैदा यांनी त्यांना विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय? उमरांच्या उत्तराचा आशय असा होता की एका तकदीरकडून आपण दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. खोऱ्याचा एक उतार हिरवा आणि दुसरा उजाड असेल आणि आपण उंटांना हिरव्या बाजूस चारले, तर तेही तकदीरच्या बाहेरचे नाही. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही आपल्या मोहल्ल्यात पुरता पोहोचलेला नाही. 'आयुष्य असेल तर वाचेल' असे म्हणून गोळी चुकवणारा माणूस तवक्कुल करीत नसतो, तो उजाड उतार निवडत असतो.

तेव्हा दुसऱ्याला अपाय होईल असे लपवणे चूक आहे, हे मान्य. पण येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. आपल्या भावाचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह झाकतो, हीदेखील आपल्याच दीनची शिकवण आहे. चव्हाट्यावर कोणाची लक्तरे टांगू नयेत, हा केवढा मोठा आदर्श! मग आजार झाकण्यात वाईट ते काय?

आम्हांला वाटते, आपली खरी गफलत येथेच आहे. झाकायचा असतो तो ऐब. ऐब म्हणजे माणसाच्या हातून घडलेले, ज्याची लाज वाटावी असे काही. आजार हा ऐबच नाही. पोफळीवर चढणाऱ्याचा पाय घसरला तर तो ऐब होत नाही. मग हवेतून आलेला जंतू छातीत बसला तर तो ऐब कसा होतो? आपण एका निरपराध गोष्टीला ऐबच्या खात्यात जमा केले आणि मग ती झाकण्याला पुण्य समजू लागलो. आजाराचे खाते अमानतीचे आहे. शरीर ही अल्लाहची अमानत, तिची निगा राखणे हा फर्ज. आणि रुग्ण विश्वासाने आपला आजार ज्याला सांगतो, त्याच्याजवळ ती माहिती रुग्णाची अमानत असते. ऐब आणि अमानत यांत फरक काय? ऐब सर्वांपासून लपवायचा असतो. अमानत मात्र योग्य माणसाच्याच हाती सोपवायची असते, आणि ज्याच्या हाती दिली त्याने ती जपायची असते. म्हणून सांगावे की लपवावे हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, किती आणि कधीपर्यंत, असा तो विचारला पाहिजे.

या कसोटीवर पाहिले तर उत्तरे बरीच स्पष्ट होतात. वैद्याला सर्व सांगावे. त्याच्यापासून एक आजार लपवून दुसऱ्यावर औषध मागणे म्हणजे अमानतीची अर्धी रक्कम देऊन पूर्ण पावती मागणे होय. दोन आजार असतील तर दोन्हीकडची पाकिटे एकाच पिशवीत घालून दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवावीत. यात कसलीही विद्वत्ता लागत नाही. त्यानंतर घरची माणसे, म्हणजे जी एका छपराखाली एकच हवा घेतात. त्यांना सांगणे हा त्यांचा हक्क आहे, कारण त्यांची तपासणी करता येते आणि आजार होऊ नये म्हणून त्यांना औषधही देता येते. लहान मुलांच्या बाबतीत तर ही टाळाटाळ अक्षम्य आहे. त्यापलीकडे मोहल्ला, जमात, मालक, दूरचे पाहुणे. यांना सांगण्याचे बंधन आम्हांला दिसत नाही. क्षयाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे आणि 2018 पासून ती न करणे दंडनीय आहे, हे योग्यच. पण सरकारी नोंदवहीत नाव असणे वेगळे आणि नाक्यावर असणे वेगळे.

'कधीपर्यंत' हेही महत्त्वाचे. औषधाला दाद देणाऱ्या साध्या क्षयात नियमित औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता पुष्कळ कमी होते. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला की बहुतेक रुग्ण बरे होतात. गाठीचा किंवा हाडाचा क्षय तर खोकल्यावाटे पसरतच नाही. म्हणजे जे बंधन खोकणाऱ्या आणि औषध न घेणाऱ्या माणसावर आहे, ते दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या माणसावर नाही. बरा झालेला माणूस बराच असतो. त्याच्याकडून आयुष्यभर कबुलीजबाब मागणे हा जुलूम आहे.

सर्वांत अवघड प्रश्न रिश्त्याचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न 1998 मध्ये 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात वेगळ्या आजाराच्या निमित्ताने आला होता. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्ही असल्याचे आढळले, ते उघड झाले आणि त्याचा ठरलेला विवाह मोडला. गुप्ततेचा हक्क आहे, पण ज्या स्त्रीशी विवाह व्हायचा तिच्या प्राणाचा प्रश्न आला की तो हक्क मागे सरतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात अशा माणसाच्या विवाहाच्या हक्काविषयी केलेली विधाने मात्र अनावश्यक होती, असे न्यायालयानेच 2002 मध्ये स्पष्ट केले. पुढे 2017 च्या कायद्याने एचआयव्हीच्या रुग्णाची माहिती संमतीशिवाय उघड करण्यावर आणि त्याच्याशी भेदभाव करण्यावर बंदी घातली. या वाटचालीतून एक धडा घेता येतो. माहिती मिळण्याचा हक्क ज्याला अपाय होऊ शकतो त्याला आहे. मात्र त्या माहितीने माणसाला कायमचे बाद ठरवण्याचा हक्क कोणालाच नाही. आमचे मत असे की औषध चालू असताना निकाह ठरत असेल तर समोरच्याला सांगितले पाहिजे, कारण तीच व्यक्ती उद्या तीच हवा घेणार आहे. शुगर, मिरगी, मूत्रपिंडाचे दुखणे असे आयुष्यभराचे आजारही सांगावेत, कारण तेथे प्रश्न संसर्गाचा नसला तरी साथीचा, म्हणजे एकमेकांना सोबत करण्याचा आहे. भावाला किंवा वडिलांना कधीकाळी क्षय होता म्हणून मुलीची चौकशी करणे मात्र निव्वळ क्रौर्य आहे.

हे सारे लिहायला सोपे आहे. पण ज्या माणसाला सांगितल्यामुळे नोकरी जाण्याची भीती आहे, त्याला 'सांग' असा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? फर्ज एकतर्फी असूच शकत नाही. सांगणे हा रुग्णाचा फर्ज असेल, तर ऐकून घेणे आणि ऐकूनही न बदलणे हा ऐकणाऱ्याचा फर्ज आहे. आपण दुसरा फर्ज पाळत नाही आणि पहिल्यासाठी मात्र रुग्णाला धारेवर धरतो. आमच्या मते, ज्या समाजात खरे बोलण्याची शिक्षा होते, त्या समाजाला खोट्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. वर सांगितलेल्या घरातील पाकिटे कपाटातून हलवणारे हात घरच्यांचे होते, पण ती हलवायला लावणारी नजर आपणा सर्वांची होती.

या नजरेला शास्त्राचा आधारही नाही. 1950 च्या दशकात मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. काही क्षयरुग्णांना सॅनिटोरियममध्ये उत्तम अन्न, विश्रांती आणि औषधे देण्यात आली. काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे देण्यात आली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी उपचार घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जादा धोका झाला असे दिसले नाही. या प्रयोगाने जगभरची उपचारपद्धती बदलली. रुग्णाला माणसांतून उठवण्याची गरज नाही, हे आपल्याच देशातील भाडोत्री खोल्यांनी सिद्ध केले. आपण मात्र त्याचा पेला वेगळा ठेवतो, जो जंतू पेल्यातून पसरतच नाही त्याच्या भीतीने. कायद्यातही अशी भीती वास करून असते. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे तलाकचे एक कारण होते. कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागून कित्येक दशके लोटली, तरी ते शब्द वगळायला 2019 साल उजाडावे लागले. शास्त्र पुढे जाते, कायदा त्याच्या मागून येतो आणि मोहल्ल्याची नजर सर्वांत शेवटी.

आणखी एक प्रश्न दोषारोपाचा. 'परहेज केला नाही म्हणून झाले', 'खाण्यावर ताबा नव्हता', 'सिगारेट ओढायचा' अशी वाक्ये आपण रुग्णाच्या उशाशी बसून बोलतो. परहेज महत्त्वाचा आहेच, तंबाखू घातक आहेच. पण कारण सांगणे आणि गुन्हा लादणे यांत अंतर आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नवे क्षयरुग्ण होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. याचा अर्थ काय? ज्याला आपण नशीब किंवा बेपर्वाई म्हणत होतो, त्यातील बराच भाग रिकामा डबा होता. सरकारही 2018 पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा 500 रुपये देत आले आणि नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1,000 रुपये झाली. जकात कोणावर खर्च करावी याची चर्चा दर रमजानमध्ये होते. औषध चालू असलेल्या घरात सहा महिने डाळ, अंडी पोहोचवणे, तेही नाव न पुकारता, ही उत्तम सुरुवात ठरेल.

दोष देणाऱ्यांनी आनंदीबाई जोशी यांची आठवण ठेवावी. कल्याणच्या या मुलीचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि बदलीमुळे हे दांपत्य काही काळ आमच्या अलिबागेतही राहिले. 1886 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळवली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांना कोणते औषध दिले असते तर त्या वाचल्या असत्या? तेव्हा जगात असे औषधच नव्हते. डॉक्टर होऊनही त्यांना जे टाळता आले नाही, त्याबद्दल वाडीत राबणाऱ्या मजुराला जबाबदार धरणे कितपत न्याय्य आहे? फरक इतकाच की त्यांच्या काळी औषध नव्हते आणि आज आहे, फुकट आहे. म्हणून आज कोणी या रोगाने गेला तर निसर्गाला बोल लावून आपली सुटका होणार नाही.

रमजानचा उल्लेख आला म्हणून शेवटचा एक मुद्दा. क्षयाचे औषध घेणारे आणि सोबत शुगर असलेले कित्येक बुजुर्ग रोजा सोडण्यास तयार नसतात. त्यांची श्रद्धा आम्ही कमी लेखत नाही. पण आजाऱ्याने रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत आणि ज्याला ते शक्य नाही त्याने एका गरिबाला जेवण द्यावे, ही सवलत खुद्द कुराणात आहे. देणाऱ्याने दिलेली सवलत नाकारणे ही इबादत की अभिमान, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. अनेकदा त्यामागेही तीच नजर असते. दुपारी पाणी पिताना कोणी पाहिले तर कारण सांगावे लागेल! म्हणजे येथेही माणूस अल्लाहपेक्षा शेजाऱ्याला अधिक भितो.

भारताने 2025 पर्यंत क्षयरोग संपवण्याचा संकल्प केला होता. तो पुरा झाला नाही; पण दर लाख लोकसंख्येमागे 2015 मध्ये 237 असलेले नवे रुग्णांचे प्रमाण 2024 मध्ये 187 वर आले आहे. औषधे, यंत्रे, आशाताई, सारे आपापले काम करीत आहेत. जे काम कोणतेही सरकार करू शकत नाही ते आपल्या वाट्याचे आहे. हजार वर्षांपूर्वी याच बंदरात आपल्या माणसांचे व्यवहार पाहायला आपल्यातलाच एक प्रमुख असे. आज तो अधिकार कोणा एकाकडे नाही. तो ओट्यावर बसलेल्या, नळावर उभ्या असलेल्या, रिश्त्याची चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाकडे वाटला गेला आहे. कोणी येऊन हळू आवाजात म्हणाला की मला शुगर आहे आणि दिकही झाला आहे, तर आपल्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी काय उमटते, यावरून त्याचे पुढचे सहा महिने ठरतात. तो चेहरा आपला आहे. त्याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.